दाताच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाताय? दुखायच्या आधी, दुखताना आणि दुखणं थांबल्यावर

मी सांगलीत एका फॅमिली डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते, फोन मीच घेते आणि अपॉइंटमेंटची वही पण माझ्याकडेच असते. दिवसभरात दोन प्रकारचे फोन हमखास येतात. एक, "ताई दाढ लय ठणकतीया, आत्ता येऊ काय?" आणि दुसरा, "ताई आज यायचं होतं पण ऱ्हाऊ दे, दुखायचं थांबलं." पहिल्या फोनवाल्याला कसंतरी मध्ये घुसवता येतं. काळजी मला दुसऱ्याची वाटते, कारण तो माणूस काही महिन्यांनी सुजलेला गाल घेऊन येतो.

हे एवढं एक समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. दाताचं वरचं कडक आवरण असतं त्याला नस नसते, त्यामुळे कीड तिथे असते तोवर काहीच कळत नाही. ती आत सरकली की थंड पाणी, गोड, आइस्क्रीम झिणझिणायला लागतं. अजून आत नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू, आणि रात्री आडवं पडलं की जास्तच. मग एक दिवस ती नस मरते आणि ठणका एकदम बंद होतो, घरातले म्हणतात लवंगेच्या तेलानं गुण आला. गुण बिण काही नाही, कीड आता मुळाच्या टोकाकडून हाडात निघालीये. म्हणजे दुखणं उशिरा येतं आणि चुकीच्या वेळी जातं, त्याच्या भरवशावर डॉक्टरकडे कधी जायचं हे ठरवू नका. सहा महिन्यांनी, फार तर वर्षातून एकदा, काही दुखत नसताना दाखवून यायचं.

आधी दवाखाना निवडा, दाढ दुखायच्या आधी

नवीन गावात, नवीन एरियात राहायला आलात की किराणावाला आणि दूधवाला शोधता तेव्हाच हा पण शोधून ठेवा. फॅमिली क्लिनिक म्हणजे साधारण एक बीडीएस डॉक्टर, कधी नवरा-बायको दोघं डॉक्टर, आणि ठरलेल्या वारी येणारे एमडीएस स्पेशालिस्ट. बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षं, एमडीएस म्हणजे त्यावर अजून तीन. तपासणी, क्लिनिंग, सिमेंट भरणं, साधी दाढ काढणं, बरेचसे रूट कॅनाल (म्हणजे आतली किडलेली नस काढून मूळ साफ करून भरणं), कवळी हे सगळं बीडीएस डॉक्टर करतात. आडवी अडकलेली अक्कलदाढ, तारा, अवघड रूट कॅनाल, फारच घाबरणारं लहान मूल, यासाठी स्पेशालिस्ट बोलावतात. तेव्हा विचारायचं, "हे काम कोण करणार, तुम्ही का बाहेरून येणारे डॉक्टर?" यात कुणाला राग येत नाही, आला तर दुसरा दवाखाना बघा.

भिंतीवर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट असतं ते बघा. हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातात का तेही बघा. त्या पाकिटावर एक खूण असते, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मशीनमध्ये, नीट तापल्यावर तिचा रंग बदलतो. सुई नवी, ग्लोव्ह्ज नवे, थुंकी ओढायची नळी नवी. एवढं दिसलं की दवाखाना छोटा असला, एसी नसला तरी चालतं, आणि सोफा इटालियन असून हे दिसलं नाही तर उठून या.

बाजाराच्या दिवशी टेबल टाकून "एका दिवसात फिक्स दात" बसवणारे असतात त्यांच्याबद्दल एकच सांगते. ते शेजारच्या चांगल्या दातांवर प्लास्टिक ओतून चिकटवतात, खाली अन्न अडकून सडतं आणि एक दात बसवायला गेलेल्या माणसाचे तीन काढायची वेळ येते. स्वस्तातच करायचं असेल तर सरळ डेंटल कॉलेज गाठा. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी, इथे खर्च खूपच कमी येतो, आणि खाजगी डेंटल कॉलेजं तर आमच्या सांगलीत पण आहेत. विद्यार्थी काम करतात पण डोक्यावर सर उभे असतात. वेळ मात्र भरपूर जातो, डबा घेऊन जावा.

फोनवर काय सांगायचं

"दात दुखतोय" एवढ्यावर मला काही ठरवता येत नाही. कधीपासून, थंडानं का गरमानं, चावताना का आपोआप, रात्री झोप मोडते का, सूज आहे का, ताप आहे का, हे सांगितलंत की मी तुम्हाला पंधरा मिनिटांच्या जागी बसवायचं का तासाभराच्या हे ठरवते. बहुतेक दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊच्या आसपास उघडे असतात. संध्याकाळी गर्दी तुफान, त्यामुळे लहान मुलं, म्हातारी माणसं आणि शुगरवाले यांनी शक्यतो सकाळची वेळ मागा. नाष्टा करून, रोजच्या गोळ्या घेऊन या. उपाशीपोटी यायचं हे लोकांच्या डोक्यात कुठून बसलंय माहीत नाही, नेहमीच्या भुलेला उपाशी राहायची काही गरज नसते, उलट शुगरवाला माणूस उपाशी आला की खुर्चीतच गळाठतो.

आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून चिडू नका. कडक तिळाच्या वड्या आणि चिक्कीनं तुटलेल्या दाढांची रांग लागलेली असते, त्यातच उसाचा सीझन.

गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा

यावर जरा थांबते, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त लपवतात, म्हणजे मुद्दाम नाही, पण "दाताचा आणि हार्टचा काय संबंध" असं वाटतं म्हणून सांगतच नाहीत. संबंध आहे. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, असिट्रोम वगैरे, तर दाढ काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो हे डॉक्टरांना आधी माहीत पाहिजे. पण म्हणून ती गोळी आपल्या मनानं दोन दिवस आधी बंद करून येऊ नका! बरेच काका हे करतात आणि अभिमानानं सांगतात. इकोस्प्रिन चालू ठेवूनच बहुतेक वेळा दाढ काढता येते, असिट्रोमवाल्यांना रक्ताची एक तपासणी करून आणायला सांगतात, आणि बंद करायची का नाही हे तुमचे हार्टवाले डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर बोलून ठरवतात. गोळी बंद केल्यावर हार्टच्या नळीत बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दाढ राहिली बाजूलाच.

शुगर असेल तर अलीकडचा एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट आणा. शुगर वाढलेली असली की हिरड्या सुजतात आणि हिरड्यांत इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, असं दोन्हीकडून चालतं. हृदयाची झडप बदललेली असेल तर ते सांगाच, काही कामांआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून आईला वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन देतात किंवा आठवड्याची एक गोळी असते, हे तर कुणीच सांगत नाही. त्या औषधांवर दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून आधी कळायला हवं.

गरोदर असाल तर पहिल्याच वाक्यात सांगा. चौथा ते सहावा महिना कामाला सगळ्यात सोयीचा, पण असह्य ठणका असेल तर कुठल्याही महिन्यात दाखवा, बाळ झाल्यावर बघू म्हणत नऊ महिने वेदनेच्या गोळ्या खात बसणं हे जास्त धोक्याचं. मागे कधी इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली असेल तर काय झालं होतं ते नीट सांगा, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, का नुसतं धडधडलं. भुलेच्या इंजेक्शनमध्ये थोडं अ‍ॅड्रिनालिन असतं, त्यानं दोन मिनिटं छाती धडधडू शकते आणि ती अ‍ॅलर्जी नसते.

खुर्चीत बसल्यावर

डॉक्टर आरशानं बघतात आणि असिस्टंटला आकडे सांगतात, "छत्तीसला कीड, अठ्ठेचाळीस आडवी." माणूस घाबरतो, आपल्याला छत्तीस दात कुठून आले! तर ते असं आहे की तोंडाचे चार भाग करतात. तुमचा वरचा उजवा एक नंबर, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग मधल्या पुढच्या दातापासून मागे एक ते आठ मोजायचं. छत्तीस म्हणजे खालचा डावा भाग, सहावा दात, म्हणजे मोठी दाढ. अठ्ठेचाळीस म्हणजे खालची उजवी अक्कलदाढ. लहान मुलांच्या दुधाच्या दातांना पाच ते आठचे भाग. हे कळलं की फाईल, एक्सरे आणि बिल तिन्ही वाचता येतात, आणि पुढच्या वेळी "कुठली दाढ केली होती?" विचारल्यावर गालाला हात लावून "इथली कुठली तरी" म्हणायला लागत नाही.

एक्सरेला नाही म्हणू नका. दोन दातांच्या मधली कीड आणि मुळाखालचा पू डोळ्यांना दिसतच नाही. एका दाताच्या छोट्या एक्सरेचं रेडिएशन अगदी कमी असतं. अख्ख्या जबड्याचा मोठा ओपीजी लागला तर सेंटरला पाठवतात, तो काढला की त्याची कॉपी स्वतःकडे मोबाईलमध्ये ठेवा, गाव बदललं तरी उपयोगी येते.

दुखलं तर डावा हात वर करा. ओरडू नका, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांचा हात धरू नका, त्या हातात फिरतं मशीन असतं.

पैशाचं आधी बोला

लाजायचं काही कारण नाही. "टोटल किती आणि त्यात काय काय धरलंय" असं विचारायचं आणि कागदावर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं. भांडणं कुठे होतात ते सांगते, रूट कॅनालचा आकडा ऐकून लोक हो म्हणतात आणि कॅपचे, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीचे, पैसे वेगळे आहेत हे तिसऱ्या सिटिंगला कळतं. कॅप लॅबमध्ये बनते, तिचा खर्च वेगळाच असतो. मेटलची सगळ्यात स्वस्त, मग आतून मेटल वरून सिरॅमिक, मग झिरकोनिया, म्हणजे दाताच्याच रंगाची, मेटल नसलेली मजबूत कॅप. मागच्या दाढेला मेटलची कॅप लावली तर काही बिघडत नाही, मजबूत असते, फक्त हसताना दिसली तर चालणार आहे का हा प्रश्न तुमचा. झिरकोनियाला वॉरंटी कार्ड मिळतं, ते फाईलला लावून ठेवा. दात फारच तुटलेला असेल तर आत आधाराची खुंटी बसवावी लागते, तिचेही वेगळे. आणि मेडिक्लेममध्ये हे सगळं येईल असं गृहीत धरू नका, साध्या पॉलिसीत दाताची रोजची ट्रीटमेंट सहसा नसते, अपघातात दात गेले आणि अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी.

पैसे एकदम जमत नसतील तर सांगा ना. कुठलं काम आत्ताच करायला पाहिजे, कुठलं चार महिन्यांनी चालेल, हे डॉक्टर लावून देतात. फक्त रूट कॅनाल करून कॅपशिवाय दाढ तशीच ठेवू नका, आतून पोखरलेली असते, एक दिवस उभी चिरते आणि मग काढण्याशिवाय मार्ग राहत नाही. पुढच्या दातांना प्रत्येक वेळी कॅप लागतेच असं नाही, ते विचारून घ्या.

क्लिनिंगनं दात हलतात का

नाही. हा प्रश्न मला रोज विचारतात म्हणून सांगते. हिरडीपाशी जो पिवळा-काळा दगडासारखा थर जमतो त्यानं हिरडी आणि खालचं हाड मागे सरकत जातं, दात आधीच सैल झालेला असतो, फक्त त्या थरानं तो आवळून धरलेला असतो. थर काढला की खरं काय ते कळतं. दोन-चार दिवस थंड झिणझिणतं, फटी जाणवतात, मग हिरड्या आवळतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे लहानपणापासून दातांवर तपकिरी डाग असतात, ते मात्र क्लिनिंगनं जात नाहीत, ते दाताच्या आतच असतात. घासून घासून दात झिजवू नका.

काम झाल्यावर घरी

भूल दोन-तीन तास राहते, कधी जास्त. तोवर जेवू नका, लहान मुलं तर बधिर ओठ चावून चावून फोडतात आणि आई घाबरून फोन करते. दाढ काढली असेल तर कापूस पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा आणि लाळ गिळायची. थुंकायचं नाही! दर दोन मिनिटांनी बेसिनवर जाऊन थुंकलं की खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निघून येते, आणि तीच तर जखमेचं झाकण. त्या दिवशी चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, गरम नाही, विडी-सिगरेट-तंबाखू अजिबात नाही. गार दही-भात, आइस्क्रीम चालतं. बाहेरून बर्फ लावा, शेक नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. तीन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढलं, कानापर्यंत गेलं, घाण वास यायला लागला तर खड्डा कोरडा पडलाय, या, औषध भरून देतात, लगेच आराम पडतो.

अँटिबायोटिक दिलं असेल तर दिलेले दिवस पूर्ण घ्या, आणि ते संपल्यावर बरं वाटलं म्हणून पुढची सिटिंग बुडवू नका. गोळीनं सूज उतरते पण कीड आणि मेलेली नस तिथेच असते. मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळचीच पट्टी परत आणून खाणं हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय उपचार झालाय. दाढेशेजारी गोळी दाबून ठेवणं, तंबाखू भरणं यानं हिरडी भाजते, काहीच बरं होत नाही.

मुलांचं

पहिला दात आला की पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवायचं, काही करायला नाही, खुर्चीत बसायची सवय लागते. "गप्प बस नाहीतर डॉक्टर सुई मारतील" हे घरी बोलू नका, कृपा करा, मग ते पोरगं दारातूनच रडत येतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांचं होईतो ब्रश आईबाबांनी फिरवायचा.

आणि हे लक्षात ठेवा, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं ही पण दुधाचीच, पडेल. ती कायमची असते. दहा वर्षांच्या मुलाची तीच दाढ सडलेली बघून डॉक्टर हळहळतात. दुधाच्या मागच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, त्या पडणारच आहेत म्हणून किडू द्यायच्या का, तेवढी वर्षं पोरानं चावायचं कशानं?

मिश्री, मावा, सुपारी

डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा, सासूबाई बरोबर असतील तर एकटीनं आत या आणि सांगा. आपल्याकडे बायका मिश्रीला व्यसन धरतच नाहीत, ती तंबाखूच असते. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दुखत नसली तरी आठवड्याच्या आत दाखवा. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

रात्री-बेरात्री

क्रिकेट खेळताना, गाडीवरून पडून कायमचा दात अख्खा बाहेर आला तर तो शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला हात लावायचा नाही, घासायचं नाही. माती लागली असेल तर दुधानं नाहीतर सलाईनच्या पाण्यानं नुसता खळबळायचा, जमलं तर जागेवर बसवून रुमाल चावून धरायचा, नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या-एक तासात डॉक्टर गाठायचे. पाण्यात ठेवू नका. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

आणि गालाची सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर माझ्या फोनची वाट बघू नका, सकाळी दवाखाना उघडायचीही नाही. सरळ सिव्हिलची नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा आणि दारातच सांगा की दाढेची सूज गळ्याकडे आलीये.